विश्रामबागेत (सांगली) नळाचं पाणी खरंच इतकं जड आहे का? आरओ घ्यावा की नको?

चिपळूणची_माई

नमस्कार मंडळी. लेक विश्रामबागेत इंजिनिअरिंगला आहे. यंदा हॉस्टेल सोडून तिघी मैत्रिणींनी मिळून फ्लॅट घेतलाय. मालक सज्जन, भाडं माफक, कॉलेज चालत जाण्याइतकं जवळ. तक्रार एकच, पाणी. बादलीला पांढरा थर बसतो, साबणाला फेसच येत नाही, शॉवरची अर्धी भोकं बुजलेली, तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या तरी अख्खीच. वर तिघींचे केस गळतायत आणि त्याचं खापरही पाण्यावर. आम्ही कोकणातली माणसं. आमच्या विहिरीच्या पाण्याने आंघोळ केली तर साबणाचा बुळबुळीतपणा जाता जात नाही, त्यामुळे हा उलटा प्रकार मला नवाच.

मागच्या आठवड्यात मी तिथे असताना मालकांनी ओळखीचा एक आरओवाला पाठवला. त्याने एका ग्लासात नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. मीटर बुडवून आकडे दाखवले. मग विजेवर चालणारं दांड्यांचं एक यंत्र दोन्ही ग्लासांत सोडलं. आमचं पाणी बघता बघता पिवळं, मग हिरवट, मग काळपट झालं आणि वर घाण तरंगायला लागली. त्याचं तसंच्या तसं. "काकू, हे तुमच्या मुली रोज पितायत," म्हणाला. मुलींनी त्याच संध्याकाळपासून जार सुरू केले.

सांगलीकरांना विचारायचं होतं की एवढी कृष्णा उशाशी असून पाणी असं कसं? आरओ घेऊन टाकू का? निम्मे पैसे मालक देतो म्हणतायत.

आयर्विन_पूल

माई, सांगलीत स्वागत. कृष्णेचं पाणी जड नाही हो. गावभागात आमचं घर, जन्मापासून तेच पाणी पितोय आणि आमची डाळ मस्त शिजते. तुमच्या नळाला जे येतंय ते कृष्णेचं आहे का, ते आधी बघा.

भडंगप्रेमी

काकू, मीपण विश्रामबागेतच रूम करून राहतोय, थर्ड इयर. आमच्या मेसच्या आमटीत डाळ शिजली का नाही हा प्रश्नच येत नाही, कारण डाळ सापडतच नाही.

बाकी बादलीचं खरंय. आमच्या गिझरची कॉइल काढली तर चुनकळीचा खडाच निघाला.

कासकर

म्हणून म्हणतो पोरांना साताऱ्यात शिकवा :) आमच्याकडे कासचं पाणी येतं. जांभ्याच्या पठारावर पडलेला पाऊस तळ्यात साठतो आणि उतारानेच शहरात येतो, इंग्रजांच्या काळापासून. साबणाचा नुसता वास दाखवला तरी फेस.

आयर्विन_पूल

@कासकर, तुमच्या निम्म्या साताऱ्याला शहापूर योजनेचं, म्हणजे उरमोडीचं येतं, आणि उपनगरांना कृष्णेचं. कासचं पाणी मोजक्या पेठांच्या नशिबात, आणि अभिमान मात्र जिल्हाभर. चालू द्या.

कासकर

मी त्या मोजक्या पेठांतलाच आहे, माझा काय दोष.

जिना_चौथा

शंभर फुटी रोडजवळच्या एका सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे, म्हणजे शिव्या खाण्याचं मानद पद माझ्याकडे आहे. माई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक गच्चीवर आहे.

इकडच्या अपार्टमेंटांत पाणी दोन वाटांनी येतं. सकाळी ठरलेल्या वेळेत कॉर्पोरेशनचं येतं, ते जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि मोटरने वर चढतं. ते पुरत नाही. का पुरत नाही, तर बिल्डिंग बांधली तेव्हा एका फ्लॅटमागे चार-पाच माणसं धरली होती, आता त्याच फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर आठ-आठ पोरं. मग वॉचमन बोअरची मोटर चालू करतो. बोअरचं पाणीही त्याच वरच्या टाकीत. झालं. तुमच्या किचनच्या नळाला काय येतं हे वॉचमनच्या त्या दिवशीच्या मर्जीवर. उन्हाळ्यात आणि शनिवार-रविवारी, जेव्हा सगळी पोरं कपडे धुतात, तेव्हा निम्म्याच्या वर बोअर.

त्यामुळे "विश्रामबागेचं पाणी कसं आहे" याला उत्तरच नाही. एकाच गल्लीत शेजारच्या दोन बिल्डिंगांचं पाणी वेगळं निघतं. मुलींना म्हणावं, खाली पार्किंगमध्ये किंवा मीटरजवळ कॉर्पोरेशनच्या लाइनचा थेट नळ असतो तो शोधा. सकाळी पाणी सुटलं की तिथलं एक बाटलीभर घ्या आणि किचनचं एक. दोन्ही जवळजवळ ठेवून बघा.

रसायन_मास्तर

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी चाळीसेक वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त.

माई, आधी त्या दांड्यांच्या यंत्राबद्दल, कारण त्याने बऱ्याच घरांत विनाकारण धास्ती भरवली आहे. त्यात लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या दांड्या असतात. वीज सोडली की लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याची हिरवट-तपकिरी हायड्रॉक्साइडं तयार होतात. तुम्ही पाहिलेली घाण पाण्यात नव्हती, ती दांडीतून आली. मग त्याच्या ग्लासात का नाही आली? कारण आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून दांडी विरघळत नाही. तो पुन्हा आला तर त्याच्याच स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि यंत्र लावायला सांगा. तेही काळं पडेल. मिठाने पाणी घाण होत असतं तर आपण कुणीच आमटी खाल्ली नसती.

आता मीटर. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवतो. ते कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे की साधं मीठ, हे त्याला कळत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. गटार मिसळलेल्या पाण्याचा आकडाही छान येऊ शकतो, आणि खडखडीत जड पण निर्जंतुक पाण्याचा आकडा भीतीदायक दिसू शकतो.

पाणी जड होतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. आपल्याकडे खाली काळा कातळ, वर काळी माती. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं, मातीतल्या चुनखडीतलं कॅल्शियम विरघळवत खाली जातं. काळं रान नांगरताना पांढरे खडे वर येतात ना, तीच ती चुनखडी. वर्षानुवर्षं खडकाच्या फटीत राहिलेलं हे पाणी बोअरमधून आपण उपसतो. कृष्णेचं तसं नाही. महाबळेश्वरहून निघते, कराडला कोयना मिळते, सह्याद्रीच्या धो धो पावसाचं पाणी ते. खडकाशी सलगी करायला त्याला वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटला आणि शेतांतून झिरपून येणाऱ्या पाण्याचा वाटा वाढला की थोडा फरक पडतो, पण बोअरइतका नाही.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे १०५००, त्याची २०१२ ची आवृत्ती. त्यात कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. टीडीएसला ५००, पर्याय नसेल तर २०००. म्हणजे जड पाणी विष नव्हे.

घरी करायची परीक्षा सांगतो. सारख्या दोन बाटल्या, सारख्याच मापाचं पाणी, एकीत थेट नळाचं आणि दुसरीत टाकीचं. अंगाच्या साबणाचा सारखाच कीस दोन्हींत टाका. शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड नको, ते जड पाण्यातही फेसतं. झाकण लावून खळखळून हलवा. ज्यात फेस कमी आणि पाणी दुधाळ होऊन दह्यासारखी साय येते, ते जड.

ओपीडी_नंतर

मास्तरांनी छान लिहिलंय. सांगली-मिरज पट्ट्यात पेशंटचा ठरलेला प्रश्न, "डॉक्टर, बोअरच्या पाण्याने मुतखडा होतो ना?" म्हणून थोडं.

जड पाणी प्यायल्याने मुतखडा होतो असा ठाम पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही कठीणपणाला आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. कॅल्शियम ऐकलं की लोक दूध बंद करतात, आणि तेच उलटं पडतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं. ते कमी केलं की ऑक्झलेट रक्तात जास्त शिरतं. खडे होतात ते मुख्यतः पाणी कमी पिण्याने. आपल्याकडचं ऊन, रानातलं काम, पोरांचं दिवसभर वर्गात बसणं आणि कॉलेजचं स्वच्छतागृह नको म्हणून पाणीच न पिणं, ही खरी कारणं. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. चवीला आवडेल ते प्या.

केसांचं सांगायचं तर जड पाण्यात साबणाची साय केसांवर बसते, केस राठ होतात, विंचरताना तुटतात. मुळापासून गळत असतील तर पाण्याला सोडा आणि हिमोग्लोबिन तपासा. बाहेर राहणाऱ्या मुलींत रक्त कमी असणं फार कॉमन आहे. नाश्ता वडापावचा, जेवण मेसचं, झोप पहाटे तीनला.

भडंगप्रेमी

डॉक्टर, झोपेचं कुणाला सांगू नका, आई पण वाचते इथे.

मिरजेची_सून

डाळीचं मी सांगते, सासर मिरजेत आणि घरात वीस वर्षं बोअर. डाळ भिजवायलाही बोअरचं पाणी वापरू नका. नुसतं शिजवायला चांगलं घेऊन भागत नाही, भिजतानाच ती आवळते. माझ्या सासूबाई पिण्याच्या हंड्यातलंच पाणी डाळीला काढून ठेवायच्या, आणि पाव्हणे आले की पहिल्यांदा तेच संपायचं. सोडा चिमूटभर टाकला तर शिजते पण चव जाते. तूर जुनी असेल तरीही शिजत नाही बरं का, सगळं पाण्यावर ढकलू नये. किराणावाल्याला विचारा नवी आहे का.

चहाचंही तसंच. बोअरच्या पाण्याच्या बिनदुधाच्या चहावर तवंग येतो.

रसायन_मास्तर

@मिरजेची_सून, सासूबाई रसायनशास्त्र जाणून होत्या. डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट करतं, म्हणून ती मऊ होत नाही. सोड्याने ते सुटतं, पण ब१ जीवनसत्त्वही जातं.

कुपवाडकर

सगळे आरओच्या विरोधात बोलतायत म्हणून लिहितो. आमच्या वसाहतीत नळाची लाइन बरीच वर्षं नव्हतीच, नुसती बोअर. पाणी तोंडात धरवत नव्हतं, सवळ. आरओ बसवला तेव्हा पहिल्यांदा पोरांनी कटकट न करता पाणी प्यायलं. ज्यांच्या घरी कृष्णा येते त्यांना आरओ म्हणजे चैन वाटणारच.

रसायन_मास्तर

तुमच्या बाबतीत आरओ बरोबरच होता. टीडीएस हजाराच्या पुढे, पर्याय नाही, तिथे ते मशीन घ्यायलाच हवं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालावी असं सांगितलं होतं, त्यामागचा मुद्दा हाच. आधीच मऊ असलेल्या पाण्याला आरओ लावून एक लिटर मिळवायचं आणि दोन-तीन लिटर मोरीत सोडायचं, हे पाण्याच्या टंचाईत बसत नाही.

हरिपूरची_पायवाट

जड-मऊ ठीक आहे, पण शहराचं सांडपाणी कृष्णेत आणणाऱ्या शेरीनाल्याबद्दल कुणी बोलेल का? वर्षानुवर्षं प्रत्येक निवडणुकीत तो नाला बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी परत वाहायला लागतो. उन्हाळ्यात नदीत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या येतात. संगमावर फिरायला गेलं की नाकाला रुमाल. हे पाणी "मऊ" आहे म्हणून आम्ही खूश व्हायचं?

आयर्विन_पूल

@हरिपूरची_पायवाट, मुद्दा रास्त. पण नदीचं पाणी थेट नळाला येत नाही, माळबंगल्याला शुद्ध होऊन येतं. तुरटी, गाळणी, क्लोरीन सगळं होतं तिथे.

हरिपूरची_पायवाट

तिथून निघताना शुद्ध असतं हे मान्य. आमच्या गल्लीत पोहोचेपर्यंत ते जुन्या पाइपातून, गटाराच्या शेजारून येतं. पाणी जातं तेव्हा पाइप रिकामा होतो आणि बाहेरची घाण आत ओढतो. पहिली पाच-दहा मिनिटं येणारं पाणी बघा कधी.

रसायन_मास्तर

हे खरं काळजीचं आहे, आणि याचा जडपणाशी काही संबंध नाही. लोक बादलीवरचे डाग बघून घाबरतात, ज्याने फार तर साबण जास्त लागतो. ज्याने कावीळ, गॅस्ट्रो होतो ते पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ असू शकतं.

यावर राखण असते ती क्लोरीनची. घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. त्याची परीक्षा सोपी आहे, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो तीच, ओटी टेस्ट. थेंब टाकले की पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. आता जिना_चौथा यांनी सांगितलेली टाकी आठवा. क्लोरीन असलेल्या पाण्यात बोअरचं बिनक्लोरीनचं पाणी ओतलं की ती राखण पातळ होते, आणि बोअरमध्ये सेप्टिक टँकचं झिरपत असेल तर उरलंसुरलं क्लोरीन तेच खाऊन टाकतं. माझ्या मते टाकीतल्या मिसळीचं मोठं नुकसान हे आहे, पांढरे डाग नव्हेत. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी उलट बरं मानावं. रुंद भांड्यात उघडं ठेवलं की वास उडतो.

जतचा_गडी

वाचतोय मघापासनं. सांगली जिल्ह्यातच राहतो आम्ही पण, पण तुमच्या कृष्णेचा आणि आमचा संबंध म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी सुटलं तरच. मऊ का जड असं विचारायची वेळच कधी आली नाही, टँकर आला का एवढंच विचारतो. तरीबी एक सांगतो, आमच्यात बोअरचं पाणी उकळून रात्रभर ठेवायची पद्धत हाय. सकाळी तळाला पांढरं बसतं, वरचं अलगद वतून घ्यायचं. चव सुधारती.

रसायन_मास्तर

अगदी शास्त्रीय पद्धत. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्याने जातो, तोच तळाला बसतो आणि गिझरच्या कॉइललाही. सल्फेट-क्लोराइडचा मात्र उकळून जात नाही. तुरटीनेही जडपणा जात नाही, तुरटी गढूळपणासाठी.

आयर्विन_पूल

जतच्या भावांनी टँकरचं काढलं म्हणून अवांतर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं, "जलदूत". कृष्णेचं पाणी! स्टेशनवर ती वाघिणींची रांग बघायला आम्ही मुद्दाम गेलो होतो. लातूरकरांनी कधी जड आहे म्हणून परत नाही पाठवलं.

कासकर

म्हणजे मिरजेची रेल्वे शेवटी वेळेवर पोहोचली तर.

मिरजेची_सून

@कासकर, आमच्या जंक्शनची चेष्टा नको. कोल्हापूर असो की पंढरपूर, गाडी आमच्याकडूनच जाते.

आयर्विन_पूल

अवांतरावर अजून एक. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. इशारा ४० ला, धोका ४५ ला. दारात, जिन्यात, दुकानात सगळीकडे पाणी आणि नळ कोरडा, कारण पंपांनाच पुराने घेरलं. तेव्हा ज्या बोअरना आपण नावं ठेवतो त्यांच्यावर उंच भागातल्या कित्येक बिल्डिंगा तगल्या. प्यायला नव्हे, पण वापरायला.

चिपळूणची_माई

केवढी माहिती दिलीत सगळ्यांनी! चिपळूणकरांना पुराचं वेगळं सांगायला नको, २०२१ आम्हीही पाहिलंय.

साबणाची परीक्षा मुलींनी केली, व्हिडिओ पाठवला. पार्किंगच्या नळाच्या बाटलीत फेस झाकणापर्यंत. किचनच्या बाटलीत वर चार बुडबुडे आणि खाली ताक. म्हणजे जिना_चौथा यांचा तर्क बरोबर. वॉचमनकाकांनी सांगितलं की बोअर दुपारी सुरू होते, "पोरं पाणी लई सांडतात." आरओवाल्याचा फोन आला होता. मी म्हटलं या, येताना मीठ विसरू नका. कळवतो म्हणाला.

आता पुढे काय करू? मुली अजून जारच पितायत.

भडंगप्रेमी

काकू, एक भर. धागा वाचून आम्ही रूममेटांनी आमच्या दोन्ही पाण्यांचं टायट्रेशनच केलं. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत जडपणा मोजायचं ईडीटीएचं प्रॅक्टिकल असतं, जर्नलमध्ये सगळ्यांनी सीनियरचे आकडे उतरवलेले असतात. लॅब असिस्टंटकाकांना विनवून परत केलं, या वेळी खरं. एरिओक्रोम ब्लॅक टी टाकलं की पाणी दारूसारखं लाल, ईडीटीए सोडत जायचं, निळं झालं की थांबायचं. थेट नळाचं पटकन निळं झालं. टाकीचं होतंय होतंय म्हणत ब्युरेट परत भरावी लागली. सर मागून येऊन म्हणाले, पहिल्या वर्षी एवढी आवड दाखवली असती तर.

जारबद्दल पण बोला कुणीतरी. आमच्याकडे येतो तो जार निळा होता, आता शेवाळाने हिरवा झालाय.

ओपीडी_नंतर

जारच्या पाण्याला क्लोरीन नसतं, थंड असतं म्हणून चांगलं वाटतं. जार कुठे धुतात, कशाने धुतात, आपल्याला दिसत नाही. सीलबंद बाटलीवर मानकाचा शिक्का असेल तर जी खात्री मिळते, तशी सुट्या जारला नाही. मी माझ्या मुलाला सांगितलं असतं की थेट नळाचं पाणी उकळून पी.

जिना_चौथा

माई, पुढची पायरी. गच्चीवर जाऊन टाक्या बघायला सांगा. एकच असेल तर अवघड. पण विश्रामबागेतल्या बऱ्याच बिल्डिंगांत टाकीला मध्ये भिंत असते किंवा दोन टाक्या असतात. एक किचनच्या लाइनची, दुसरी बाथरूमची. मुळात योजना चांगली असते. पुढे कधीतरी टंचाईत कुणीतरी दोन्ही टाक्यांमधला व्हॉल्व्ह उघडतो आणि तो उघडाच राहतो. तसं असेल तर तो बंद करायचा, बोअरचा पाइप फक्त बाथरूमच्या टाकीत सोडायचा. खर्च प्लंबरच्या एका फेरीचा. आणि टाकी शेवटची कधी धुतली ते विचारा. बहुतेक वेळा या प्रश्नाला उत्तर म्हणून शांतता मिळते.

चिपळूणची_माई

दोन टाक्या आहेत! व्हॉल्व्ह उघडाच. पण वरच्या मजल्यावरचे एक काका म्हणतात की बंद केला तर मे महिन्यात किचनला पाणीच नसेल, आणि त्यांच्याकडे आजारी माणूस आहे. त्यांचंही चुकीचं नाही.

जिना_चौथा

आत्ता बंद करा, मे मध्ये गरज पडेल तेव्हा उघडा. वर्षभराची मिसळ दीड महिन्यावर येईल. वॉचमनला तोंडी सांगून उपयोग नाही, व्हॉल्व्हला कुलूप लावतात तसली साखळी मिळते हार्डवेअरला. चावी त्या वरच्या काकांकडेच द्या, म्हणजे त्यांचीही काळजी मिटेल.

रसायन_मास्तर

आणि एवढं झालं की आरओ नको. किचनला नदीचं पाणी आलं की साधी गाळणी आणि यूव्हीचं मशीन पुरे, किंवा नुसतं उकळणं. यूव्हीने जडपणा जात नाही, जंतू मरतात, आणि तुम्हाला तेच हवंय. आंघोळीचं पाणी जडच राहील. त्यासाठी रेझिनचं सॉफ्टनर असतं, त्याला अधूनमधून मीठ घालून ताजं करावं लागतं. भाड्याच्या घरात तो खटाटोप करू नये. शेवटचा तांब्या थेट नळाच्या पाण्याचा डोक्यावर घेतला तरी केसांना फरक पडतो. बादलीचे, शॉवरचे डाग लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर ठेवले की निघतात.

हरिपूरची_पायवाट

शेरीनाला राहिलाच.

आयर्विन_पूल

त्याला वेगळा धागा काढा, हा पुरणार नाही.

कुपवाडकर

मास्तर, आमच्या बोअरचं पाणी एकदा नीट तपासून घ्यायचं आहे. आरओ आहे म्हणून आम्ही निर्धास्त, पण शेजारी सगळे तसंच पितात, आणि वसाहतीला लागूनच उसाची शेतं आहेत. काय काय तपासायला सांगू?

रसायन_मास्तर

जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे द्या. कठीणपणा, टीडीएस, फ्लोराइड आणि नायट्रेट सांगा. उसाला खत भरपूर पडतं, त्यामुळे नायट्रेट विसरू नका. त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला पर्याय नाही म्हणून सूट वगैरे नाही. तान्ह्या बाळांना ते घातक ठरतं, आणि उकळून कमी होत नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं. शेजारी कुणाकडे लहान बाळ वरच्या दुधावर असेल तर तोवर त्याच्या दुधाला तुमच्या आरओचं पाणी द्या.

जंतूंची तपासणी वेगळी. त्याची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यायची, घरची धुतलेली चालत नाही. मोटर थोडा वेळ चालू ठेवून मग भरा, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. शनिवारी नमुना घेऊ नका, रविवारी तिथे कुणी नसतं.